दुसरी रात्र

रात्रीचे दोन वाजलेत. उपजिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात दोनच ट्यूबलाइट चालू आहेत, त्यातली एक फडफडतेय. वैशाखाचे दिवस. दिवसभर तापलेला स्लॅब आता सगळी धग खाली सोडतोय. पंखे गरगर फिरतात, वारा मात्र गरमच. फिनेल, ओली दुपटी, बाळंतशेप आणि दूध यांचा मिळून एक वास असतो. ज्यांनी बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढलीय, त्यांना तो डोळे मिटूनही ओळखता येईल. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात मी तो पहिल्यांदा घेतला. अजून विसरलेले नाही.

खाटा चोवीस, बाळंतिणी अठ्ठावीस. चौघींच्या गाद्या खालीच टाकल्यात. खाटांखाली पिशव्या, जेवणाचे डबे, गरम पाण्याचे थर्मास. प्रत्येकीजवळ एक बाई जागी आहे. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची जाऊ. पुरुषांना आत यायची मनाई. ते बाहेर व्हरांड्यात चपला उशाला घेऊन पडलेत.

बारा नंबरचं बाळ रडतंय.

आई वीस-एकवीस वर्षांची. पहिलटकरीण. मोकळी होऊन चाळीस तास झालेत. काल रात्री बाळ गाढ झोपलं होतं, तेव्हा सगळे म्हणाले, गुणाचं आहे. आज ते दर अर्ध्या तासाला उठतंय. दोन मिनिटं ओढतं, सोडतं, लालबुंद होऊन किंचाळतं. कुंची डोळ्यांवर घसरलीय. मुठी आवळलेल्या. पोरीच्या डोळ्यांत पाणी आहे. टाके दुखतायत, पाठ दुखतेय, आणि शेजारच्या खाटांवरून बघणाऱ्या बायकांची लाज वाटतेय.

"दूधच उतरंना गं तुला," तिची आई म्हणते. आवाजात राग नाही, काळजी आहे. "कोरडंच ओढतंय लेकरू."

ही दुसरी रात्र जवळजवळ प्रत्येक घरात येते. पहिल्या दिवशी बाळ जन्माच्या शिणानं झोपतं. दुसऱ्या रात्री ते जागं होतं आणि सारखं आईला चिकटू पाहतं. अंगात अजून पान्हा दाटलेला नसतो. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो, सिझर झालेल्या बाईला कधी त्याहून उशिरा. तोवर असतो तो चीक. पिवळा, दाट, थेंबाथेंबानं येणारा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी घेतं दोन ते दहा मिलिलिटर, म्हणजे फार तर दोन छोटे चमचे. त्याला तेवढंच लागतं. पण रडणाऱ्या बाळाकडे बघताना हे कुणाला आठवत नाही.

पोरीच्या हातात मोबाईल आहे. नणंदेनं एक व्हिडिओ पाठवलाय. स्वच्छ, गार वाटणारी खोली, पांढरे पडदे, नीट केस विंचरलेली आई, मांडीवर गुटगुटीत मूल, मागं कपाटात एक डबा. बाई हसून सांगते, आमचं बाळ आता रात्रभर झोपतं. व्हिडिओ संपतो, आपोआप दुसरा सुरू होतो. त्यातही डबा आहे. पोरगी त्या पडद्यांकडे बघते, मग आपल्या घामेजलेल्या गाऊनकडे.

"जावईबापूंना फोन लाव," आई म्हणते. "डबा आणू देत."

रस्त्यापलीकडच्या मेडिकलचं शटर अर्धं वर आहे. वाकून आत बघावं लागतं. पुढं तिघे उभे. एकाला सलाईनची नळी हवीय, एकाला कापूस, एकाला तापाचं औषध. बारा नंबरचा नवरा चौथा. सेंटरिंगच्या कामावर जातो, शर्टाच्या कॉलरवर सिमेंटचे पांढरे ठिपके अजून आहेत. तो पायांवर भार बदलत उभा राहतो आणि काउंटरमागच्या मांडणीकडे बघतो.

मांडणीत डबे ओळीनं लागलेत. सगळ्यांचा रंग एक, अक्षरांचं वळण एक. फरक फक्त आकड्याचा. पहिला आकडा जन्मापासून सहा महिन्यांसाठी, पुढचे त्यापुढच्या वयासाठी, आणि त्याच वळणाचा एक डबा दोन वर्षांवरच्या मुलांसाठी. दोन वर्षांखालच्या बाळाच्या डब्याची जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे. त्यावरच्या मुलांच्या डब्याला तो कायदा लागत नाही. टीव्हीवर, मोबाईलवर मोठ्या मुलाचा डबा दिसतो आणि धाकट्याचा आपोआप ओळखीचा होतो.

"किती दिवसांचं?" दुकानदार विचारतो.

"दोन."

पहिल्या आकड्याचा डबा काउंटरवर येतो. मी तो हातात घेऊन उजेडाकडे धरते. समोरच्या बाजूला ठळक, मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलंय की आईचं दूध हेच बाळासाठी सर्वांत चांगलं. त्याखाली, आरोग्यसेवकाच्या सल्ल्यानंच वापरा. मागच्या बाजूला पाणी उकळण्याची, माप घेण्याची रीत. बाळाचं चित्र कुठंच नाही. बाईचंही नाही. ते कायद्यानं छापता येत नाही.

हा कायदा १९९२ चा. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या कुठल्याही डबाबंद आहाराची जाहिरात नाही. फुकट नमुना नाही. आईला भेटवस्तू नाही. डॉक्टर-नर्सना भेट नाही, विक्रीवर कमिशन नाही, त्यांच्या परिषदांना पैसा नाही. दवाखान्याच्या भिंतीवर पोस्टर नाही. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यादी लांब आहे, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी कुठंतरी केली गेलेली आहे. एके काळी आशिया-आफ्रिकेतल्या दवाखान्यांत कंपन्यांच्या विक्रेत्या नर्ससारखे पांढरे कपडे घालून खाटेखाटेशी फिरत. नमुन्याचा डबा हातात ठेवत. तो संपेपर्यंत आईचं दूध आटलेलं असे आणि पुढचा डबा विकत घ्यावा लागे. गढूळ पाण्यात कालवलेल्या त्या दुधानं लेकरं जुलाबानं दगावली. त्यावर जगभर ओरड झाली आणि मे १९८१ मध्ये जिनिव्हात देशोदेशीच्या प्रतिनिधींनी अशा विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूनं मतं ११८, विरोधात एक. आपला कायदा त्याच वाटेवरचा.

सेंटरिंगवाल्या पोराला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तो खिशातून नोटा काढतो. चारशे ग्रॅमचा डबा, किंमत चारशेच्या पुढे. महिन्याभराचं बाळ नुसत्या पावडरवर असेल तर एवढा डबा पाचेक दिवसांत संपतो. महिन्याला सहा डबे. पगाराचा दिवस लांबला की घरात एक माप कमी घालतात आणि पाणी तेवढंच ठेवतात. दूध पांढरंच दिसतं. बाळ मात्र सुकत जातं.

तो डबा पिशवीत घालून धावत रस्ता ओलांडतो.

वॉर्डात सिस्टर आल्यायत. रात्रीच्या पाळीला त्या एकट्या, जोडीला एक मावशी. प्रसूतीकक्षात एक बाई कळा देतेय, तिथून त्या मिनिटभर मोकळ्या झाल्यात. व्हरांड्याच्या दारातून आत आलेला डबा त्यांना दिसतो. त्या ओरडत नाहीत.

"राहू द्या तिथं लॉकरवर. उघडू नका अजून. आधी मला बघू द्या."

बेसिनवर हात धुतात, कोरडे करतात. मावशी खाटेचं डोकं वर उचलते. पोरीच्या पाठीमागं गोधडीची घडी. मग सिस्टर बाळाची दुपटी सोडवायला लागतात. एक, दोन, तीन. एवढ्या उन्हाळ्यात तीन दुपटी. कुंचीही काढतात. उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर पालथं घालतात आणि नुसत्या थांबतात. बाळाचं रडणं आधी बारीक होतं, मग थांबतं. ते मान उचलून इकडंतिकडं हुंगतं.

"घाई नाही करायची. पोटाला पोट लाव. त्याचं नाक तुझ्या बोंडासमोर आलं पाहिजे. आता ते तोंड उघडेल, जांभई देतं तसं. तेव्हाच जवळ घे. तू वाकू नको, त्याला आण."

एकदा चुकतं. दुसऱ्यांदा नुसतं टोकच तोंडात जातं, पोरगी कळवळते. सिस्टर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यात घालून अलगद सोडवतात. तिसऱ्यांदा तोंड मोठं उघडतं. हनुवटी आधी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, काळा भाग खालून जवळजवळ सगळा आत जातो, वरून थोडा दिसत राहतो. गाल फुगीर. पोरीच्या कपाळावरची आठी जाते.

"दुखतंय?"

"नाही आता."

"ऐक."

सगळे ऐकतात. आधी भरभर चोखणं. मग जबडा संथ हलतो, क्षणभर थांबतो, आणि अगदी बारीक आवाज येतो. घोट गिळल्याचा. पुन्हा एक. पुन्हा. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसलीय. जमिनीवरच्या गादीवरून एक सासू मान लांब करून बघतेय.

दुसऱ्या बाजूनं सिस्टर हलक्या हातानं दाबून दाखवतात. स्टीलच्या चमच्यात दोन थेंब पडतात. हळदीच्या दुधासारखा रंग.

"हे काय आहे आजी? नाही म्हणत होता ना?"

आजी चमच्याकडे बघत राहते. पदरानं डोळे टिपते.

सिस्टर भराभर सांगतात. बाळ जेवढं ओढेल तेवढं उद्या जास्त येईल. आज रात्री डबा दिला तर पोट भरून ते झोपेल, ओढणार नाही, आणि उद्या खरंच कमी येईल. मग म्हणाल, बघा, नव्हतंच. रात्रीचं पाजणं चुकवू नका, दूध वाढवणारं द्रव्य रात्री जास्त असतं. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा. शू केली का? दोनदा? ठीक. सकाळी वजन करू. थोडं उतरणारच, दहा टक्क्यांच्या पुढे गेलं तर डॉक्टर बघतील. मध नाही, गुटी नाही, पाणी नाही. सहा महिने.

"उन्हाळा आहे ओ सिस्टर. घसा सुकंल की."

"आजी, आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी भाग पाणीच असतं. पाणी पाजायचं तर तुमच्या लेकीला पाजा."

प्रसूतीकक्षातून हाक येते. सिस्टर पळतात. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं पुढं गेलीत. अकरा मिनिटांत एका बाळाचे सहा महिने ठरू शकतात. तेवढीच अकरा मिनिटं आणखी सत्तावीस जणींना हवीत, आणि सिस्टर एकच आहे.

दाराशी एक पोस्टर चिकटवलंय, कडा सुटलेल्या. जन्मल्यावर पहिल्या तासात स्तनपान. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे मला इथं उभं राहून आठवतात. देशात शंभरातली जवळजवळ एकोणनव्वद बाळंतपणं दवाखान्यात होतात. पहिल्या तासात आईच्या छातीला लागतात ती शंभरातली बेचाळीस बाळं. सहा महिन्यांखालच्या बाळांत नुसत्या आईच्या दुधावर असलेली, चौसष्ट. बाळंतीण दवाखान्याच्या दारातून आत आली. पण आत तिच्या खाटेशी बसून बाळ छातीला लावून देणारं माणूस प्रत्येकीला मिळालेलं नाही.

सकाळचे नऊ. ऊन आतापासून पायरीवर आलंय. ओपीडीच्या खिडकीसमोर केसपेपरसाठी रांग वळसा घेऊन नळापर्यंत गेलीय. लसीकरणाच्या बाकावर बायका खेटून बसल्यात, पदराच्या टोकानं बाळांना वारा घालतायत. एक आशाताई वहीतली नावं वाचतेय.

नवजात अतिदक्षता विभागाच्या बाहेर चपला काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे. आत एसीचा गारवा आणि यंत्रांची टिकटिक. अपुऱ्या दिवसांची बाळं काचेखाली झोपलीत. एखाद्याचा हात माझ्या बोटाएवढा. शेजारच्या खोलीत पाच-सहा आया प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून हातानं दूध काढतायत. कुणी बोलत नाही. स्टीलच्या वाट्या, वाट्यांवर बाळाचा नंबर. एकीच्या वाटीत तळ झाकेल एवढंच आहे. ती ते दोन्ही हातांनी धरून नर्सकडे देते. नर्स ते नळीवाटे बाळाला घालणार आहे. ज्यांच्या आईला अजून येत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत १९८९ मध्ये सुरू झाली. दुसरीनं दिलेलं दूध तपासून, तापवून, थंड करून या एवढ्याशा जिवांना मिळतं. या तालुक्यात ती सोय नाही.

समुपदेशनाच्या टेबलाशी एक आजी बसलीय. मांडीवर दहा-बारा दिवसांचं बाळ. त्याची आई बाळंतपणातच गेली. टेबलावर एक डबा आहे, रात्री मेडिकलमध्ये बघितला तोच, त्याच रंगाचा. समुपदेशक ताई आजीला शिकवतेय. पाणी खळखळ उकळा. थोडंच निवू द्या, पार गार करू नका, कारण पावडरीतही जंतू असू शकतात आणि गरम पाण्यानंच ते मरतात. माप सपाट, कमी नाही, जास्त नाही. मग दूध कोमट होऊ द्या. मनगटावर थेंब टाकून बघा. बाटली नको, ती नीट धुतली जात नाही. वाटी-चमचा घ्या.

"आमच्याकडं बोंडलं आहे," आजी म्हणते. "चांदीचं. हिच्या आईलाही त्यानंच पाजलं होतं."

"चालेल. रोज उकळून घ्या. उरलेलं दूध पुन्हा द्यायचं नाही, ओतून टाकायचं."

आजी मान डोलावते. मापाचा चमचा हातात घेऊन बोटानं पावडर सपाट करून दाखवते. बरोबर? ताई म्हणते, बरोबर. या बाळाला हा डबा हवाच आहे. दत्तक आलेल्या बाळाला हवा असतो, काही आजारांत आईला पाजता येत नाही तेव्हा हवा असतो, आणि सगळे प्रयत्न करूनही कुणाला दूध पुरत नाही तेव्हाही. अशा घरी तो आला तर त्या बाईकडे कुणी बोट दाखवू नये. औषध जसं तपासून, माप सांगून, हातात दिलं जातं, तसा तो इथं दिला जातोय.

दुपारी बारा वाजता बारा नंबरला सुटी मिळते. फाटकाशी १०२ ची रुग्णवाहिका उभी आहे. पोरगी हळूहळू पायऱ्या उतरते. पान्हा आलाय, ओढणीखाली गाऊन ओला झालाय, आणि ती लाजत नाहीये. आईच्या हातात पिशव्या. एका पिशवीतून डब्याचा वरचा भाग दिसतो. झाकणावरचं सील तसंच आहे. घरी गेल्यावर काय होईल, मला माहीत नाही. घरी रात्र पुन्हा येणार आहे, व्हिडिओ पुन्हा येणार आहेत. सिस्टर तिथं नसतील. गाडी वळते, धूळ उडते.

मी चालत एसटी स्टँडवर येते. डांबर मऊ झालंय, चपलेला चिकटतंय. फलाटांवर माणसं सावलीच्या रेघेत अंग चोरून उभी. उसाच्या रसाच्या गाड्यावरची घुंगरं वाजतायत. चौकशीच्या खिडकीशेजारी एक छोटी खोली, दारावर पाटी: हिरकणी कक्ष. हिरकणी म्हणजे आख्यायिकेतली, कोजागरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून घरी ठेवलेल्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेलेली गवळण. तिच्या नावाचा बुरूज गडावर आहे, आणि तिच्या नावाची ही खोली स्टँडवर.

आत एक बाकडं, एक पंखा, भिंतीवर पानाच्या पिंकेचे डाग. दाराची कडी तुटलेली. एक बाई दाराशी तिरकी बसलीय, पायानं दार दाबून धरलंय. मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. ती कांदा काढायला जाते. बाळंतपणानंतर सव्वा महिना घरी बसली, मग निघाली. शेताच्या बांधावर बाभळीला झोळी बांधते. नोकरीतल्या बाईला २०१७ पासून कायद्यानं सव्वीस आठवड्यांपर्यंत भरपगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुटी. कांद्याच्या वाफ्यात यातलं काहीच पोचलेलं नाही.

"मुकादम सोडतो का पाजायला?" मी विचारते.

"सोडतो. पण तेवढ्यात बाकीच्या पुढं जातात. वाफ्यावर पैसे आहेत ना ताई."

तिनं बाळाची बाजू बदललीय. घोट गिळल्याचा तोच आवाज. मी बाहेरून दार धरून उभी राहते, तिला पाय सैल सोडता यावा म्हणून. बस लागते. कंडक्टर गावांची नावं पुकारतो. ती उठते, पदर सावरते, दारातून जाताना माझ्याकडे बघून हसते.

येत्या काळात तुमच्या घरात पाळणा हलणार असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्या रात्री झोपू नका. बाळंतिणीजवळ बसा. तिला पाणी द्या, पाठीला गोधडी द्या, तिच्या हातातला मोबाईल हळूच बाजूला ठेवा. तिला सांगा की दूध येतंय, बाळ त्यासाठीच रडतंय. नाहीच जमलं तर नर्सला, डॉक्टरला बोलवा, आणि डबा लागलाच तर तो त्यांच्या सांगण्यावरून येऊ द्या. दवाखान्यात कुणी फुकट नमुना हातात ठेवला, तर तो कायद्यानं गुन्हा आहे. परत करा, आणि तक्रार करा.